यादीतलं नाव, दारातला प्रश्न

विधानसभेचं मतदान आटोपलं, मोजणी अजून व्हायची आहे. अशा वेळी एखादी विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन गावात येते. मतदारयादीतून ठरावीक अंतराने काढलेली नावं तिच्याजवळ असतात आणि त्याच माणसांना तिला गाठायचं असतं. पारावरचे पुढारी सगळ्या गावाचा कल सांगायला तयार असतात, पण यादीत नाव असतं कापूस वेचायला गेलेल्या एखाद्या बाईचं. मग ती घरी येईपर्यंत थांबायचं. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही. नमुन्याची मतपत्रिका द्यायची, बाईने खूण करून घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

निवडणूक अभ्यासाची ही रीत महाराष्ट्रात रुजवण्यात पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागाचा वाटा मोठा आहे. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं आधी नागपूर विद्यापीठाला आणि १९८३पासून अमरावती विद्यापीठाला जोडलेली. तरीही इथे राज्यशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांपर्यंत पुण्याचा हा विभाग पुस्तकांतून पोहोचला.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. पुढच्याच वर्षी प्रजासत्ताक आलं, तीन वर्षांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रौढ मताधिकार नवा होता. राज्यघटनेतली कलमं वर्गात शिकवता येत होती. पण मतदार कसा विचार करतो, ते त्याच्याकडे गेल्याशिवाय कळणार नव्हतं. विभागातल्या प्रा. व. म. सिरसीकरांनी ही वाट धरली. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या मतदारांच्या वर्तनाचा त्यांचा अभ्यास १९६५ साली पुस्तकरूपाने आला. त्याच १९६२ साली १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सभापतीची खुर्ची, सहकारी संस्था आणि शेती यांतून गावोगाव नवं नेतृत्व उभं राहत होतं. ग्रामीण नेतृत्वावरचं सिरसीकरांचं पुस्तक १९७० साली आलं. चिखली-मेहकरच्या राजकारणात वाढलेल्या कुणालाही त्याचा विषय परका वाटणार नाही.

पुढच्या पिढीत राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर या जोडीने विभागाचं काम मराठी वाचकांपर्यंत नेलं. दोघांनी संपादित केलेला ‘राज्यशास्त्र कोश’ १९८७ साली प्रसिद्ध झाला. मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी असा कोश किती मोलाचा, हे तालुक्याच्या गावी शिकलेल्यालाच नीट कळेल. संकल्पना आपल्या भाषेत समजली की तिच्याशी वाद घालता येतो. ती नुसती पाठ केली, तर परीक्षा संपताच विसरते.

१९९५ साली महाराष्ट्रात काँग्रेस ८० जागांवर थांबली. शिवसेनेला ७३, भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. मराठा-कुणबी वर्चस्वावर उभी असलेली जुनी घडी विस्कटत होती. ही उलथापालथ व्होरा-पळशीकरांनी ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’मध्ये मराठीतच उलगडली. दुसरीकडे व्होरा मागचा इतिहासही धुंडाळत होते. १९२०च्या दशकात टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी केलेल्या सत्याग्रहावर त्यांनी पुस्तक लिहिलं. आज पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पासाठी नांदुऱ्याकडची गावं उठत असताना ते पुस्तक आपल्या जिल्ह्याचंही वाटतं.

दिल्लीच्या ‘लोकनीती’ या अभ्यासगटाने देशव्यापी सर्वेक्षणं सुरू केली, तेव्हा महाराष्ट्राच्या कामात पळशीकर, राजेश्वरी देशपांडे हे विभागातले अध्यापक पुढे होते. २००४च्या लोकसभा निवडणुकीनंतर देशभरात २७ हजारांहून अधिक मतदारांच्या मुलाखती झाल्या. ‘अमुक जात अमुक पक्षाला’ ही चावडीवरची खात्री अशा आकड्यांपुढे तपासून घ्यावी लागते.

विभागाचं काम शाळेच्या दप्तरातही गेलं. २००६पासून आलेल्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. व्यंगचित्रं, बातम्या आणि उलटसुलट प्रश्न यांनी भरलेली ही पुस्तकं स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या अभ्यासिकांतही वाचली गेली. मे २०१२मध्ये त्यातल्या एका पुस्तकातल्या जुन्या व्यंगचित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अवमान झाल्याचा आक्षेप संसदेत आला. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. आक्षेपामागचं दुखणं खरं होतं, बाबासाहेबांबद्दलचा आदर तर निर्विवाद. पण अभ्यासकाच्या टेबलावर हात टाकून तो वाद सुटत नव्हता. ज्या विभागाने आयुष्यभर लोकांना मत विचारलं, त्याच्यावर ही वेळ यावी याची सल राहते.

तरीही विभागाचं मोल ठरवताना मला पुन्हा ती मतदारयादीच आठवते. यादीतून नाव काढताना शेत किती एकर, घर कोणत्या आळीत, शिक्षण किती, हे पाहत नाहीत. सिंदखेडराजाची शेतमजूर बाई आणि पुण्यातला प्राध्यापक यांची नावं निघण्याची शक्यता सारखी. एका माणसाला एकच मत, हे घटनेचं वचन संशोधनाच्या पद्धतीत उतरलेलं इथे दिसतं. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्राच्या वर्गांनीही हे काम हाती घ्यावं. पाणीवाटप, ग्रामसभेची हजेरी, महिला सरपंचांचा प्रत्यक्ष कारभार, असे कितीतरी विषय दारात उभे आहेत. यादी काढावी, गावात जावं आणि जिचं नाव निघालं ती शेतातून परत येईपर्यंत थांबावं.