डब्यात पिकलेलं केळं

सकाळच्या डहाणू लोकलमध्ये पालघरला कॉलेजच्या मुलींचा घोळका चढला, की डब्यात एकदम केळी, पीच आणि स्ट्रॉबेरी दरवळतात. त्यांच्या अत्तराच्या बाटलीत फळ मात्र बहुधा नसतंच. लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं. गरातून अत्तर काढणं जवळपास अशक्य. आमच्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचाही अर्क असा सहज बाटलीत उतरत नाही.

मग वास येतो कुठून? एस्टरमधून. सौम्य आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवले, की पाण्याचा रेणू सुटतो आणि एस्टर तयार होतं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल आणि घशाला झोंबणारं आयसोअमाइल अल्कोहोल यांच्यापासून चक्क केळ्याचा वास! (मधमाशी डंख मारते तेव्हा हाच रेणू सोडून इतर माश्यांना चेतवते. मोहोळाजवळ हे अत्तर नको.) बोईसर-तारापूरच्या रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्यांना रसायन म्हटलं की उग्र दर्पच आठवतो; पण सुगंधसुद्धा रसायनच.

एस्टरचे रेणू हलके, म्हणून चटकन उडतात. बोईसर येईस्तोवर केळं ओसरतं. मागे रेंगाळतो तो एथिल माल्टॉलचा, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा, जळक्या साखरेचा गोडवा. १९९२च्या ‘एंजल’ अत्तराने तो गाजवला. दुकानात पहिल्या फवाऱ्यावर भाळू नका. मनगटावर मारून अर्धा तास बाजारात फिरून या.