ओन्स जाबेर : ट्युनिशियाची 'आनंदमंत्री'

'उन्स' हा शब्द आपल्याकडच्या उर्दू जाणणाऱ्या घरांत नवा नाही. जिव्हाळा, आपलेपणा असा त्याचा अर्थ. हाच अरबी शब्द नाव म्हणून घेऊन एक मुलगी उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियातून निघाली आणि जागतिक टेनिसच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. इंग्रजी बातम्यांतून तिचे नाव आपल्यापर्यंत 'ओन्स जाबेर' असे आले. तिच्या देशातील लोक मात्र तिला प्रेमाने 'वझीरत अस्-सआदा', म्हणजे आनंदमंत्री म्हणतात. ट्युनिशियाच्या मंत्रिमंडळात असे खाते नाही. पण महागाई, बेरोजगारी आणि राजकीय अस्थिरता यांनी त्रासलेल्या लोकांना काही तास सगळे विसरायला लावणारी ही मुलगी असल्याने जनतेनेच तिला हे खाते देऊन टाकले.

हॉटेलच्या मैदानावरची सुरुवात

ओन्सचा जन्म 28 ऑगस्ट 1994 रोजी कसर हेलाल या गावात झाला. मोनास्तिर प्रांतातले हे गाव कापड उद्योगासाठी ओळखले जाते. ट्युनिशियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेतृत्व करणारा हबीब बुरगीबा यांचा निओ-दस्तूर पक्ष 1934 मध्ये याच गावात स्थापन झाला होता. ओन्सचे बालपण जवळच्याच सूस या समुद्रकाठच्या शहरात गेले. वडील रिधा, आई समीरा, दोन मोठे भाऊ आणि एक मोठी बहीण अशा घरात ती शेंडेफळ.

आई समीरा यांना टेनिसची आवड होती. त्या हौस म्हणून खेळत आणि लेकीला सोबत नेत. तीन वर्षांच्या ओन्सच्या हातात पहिल्यांदा रॅकेट आली ती अशी. पुढे नबील म्लिका या प्रशिक्षकांनी तिच्यातला गुण ओळखला आणि सुमारे दहा वर्षे तिला घडवले. त्या काळात तिच्या क्लबकडे स्वतःचे टेनिस कोर्टही नव्हते. सूस हे पर्यटकांचे शहर असल्याने तिथल्या मोठ्या हॉटेलांत कोर्ट असत, आणि त्यावर या मुलांचा सराव चाले. लेकीला एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेला घेऊन जाण्याचे काम आईनेच वर्षानुवर्षे केले.

बारा वर्षांची असताना ओन्स घर सोडून राजधानी ट्युनिसला गेली. तिथल्या अल मेन्झा भागातील सरकारी क्रीडा शाळेत देशभरातील होतकरू खेळाडूंना शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र मिळते. त्यानंतर ती बेल्जियम आणि फ्रान्समध्येही शिकली. बारा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या शहरात ठेवणे कोणत्याही आईबापांना सोपे नसते. शिवाय ट्युनिशिया हा फुटबॉलवेडा देश. टेनिसमध्ये मुलीचे पुढे काय होणार, याचे उत्तर देऊ शकेल असे उदाहरणही फारसे नव्हते. सलीमा स्फार ही ट्युनिशियाचीच खेळाडू 2001 मध्ये जगात 75 व्या क्रमांकापर्यंत गेली होती. पहिल्या शंभरात आलेली ती पहिली अरब महिला. ओन्सच्या पुढे पाऊलवाट होती ती एवढीच.

2011 : देशाचे आणि तिचेही वर्ष

2011 च्या जानेवारीत ट्युनिशियाच्या जनतेने उठाव करून झैनुल आबेदीन बेन अली यांची तेवीस वर्षांची राजवट उलथवली. अरब जगतातील परिवर्तनाची लाट इथूनच सुरू झाली. देश अशा उलथापालथीतून जात असताना जूनमध्ये पॅरिसहून बातमी आली, की सोळा वर्षांच्या ओन्सने फ्रेंच ओपनचे मुलींच्या गटातील विजेतेपद पटकावले आहे. आदल्या वर्षी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एलिना स्वितोलिनाकडून ती हरली होती. या वेळी तिने मोनिका पुइगला सरळ दोन सेटमध्ये हरवले. इजिप्तच्या इस्माईल अल शाफेई यांनी 1964 मध्ये विम्बल्डनचे मुलांच्या गटातील विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी एका अरब खेळाडूच्या हाती असा चषक आला.

इथून पुढे तिची घोडदौड सुरू झाली असे लिहायला कोणालाही आवडेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

मधली सहा वर्षे

कुमार गटातून मोठ्यांच्या टेनिसमध्ये जाणे म्हणजे पुन्हा बालवाडीत बसण्यासारखे असते. या खेळात संघ नसतो, पगार नसतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रशिक्षकाचे मानधन, दुखापतीचा उपचार, सगळा खर्च खेळाडूचा. जिंकले तर बक्षीस मिळते. पहिल्या फेरीत हरले तर परतीचा प्रवास. मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश क्रमवारीवर मिळतो, आणि ग्रँड स्लॅमसाठी साधारण पहिल्या शंभरात असावे लागते. त्याखालच्यांना आधी पात्रता फेरीचे सामने खेळावे लागतात. गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा पुन्हा मिळवले नाहीत, तर क्रमांक घसरतो. त्यामुळे या खेळाडूंना थांबायची सोय नसते.

ओन्सला पहिल्या शंभरात यायला 2017 साल उजाडले. म्हणजे त्या चषकानंतर सहा वर्षे. या काळात लहान शहरांतल्या लहान स्पर्धा, दुखापती आणि पात्रता फेऱ्या हेच तिचे आयुष्य होते. 2015 मध्ये तिचे करीम कामून यांच्याशी लग्न झाले. करीम स्वतः तलवारबाजीचे खेळाडू. पुढे त्यांनी पत्नीच्या शारीरिक तंदुरुस्तीची जबाबदारी घेतली आणि तिच्यासोबत जगभर फिरू लागले. पत्नीच्या कामासाठी पतीने आपले आयुष्य जुळवून घेतल्याचे हे उदाहरण आपल्याकडे जरा आवर्जून सांगावे असे आहे.

2017 च्या फ्रेंच ओपनमध्ये तर ती पात्रता फेरीत हरली होती. ऐनवेळी कोणीतरी माघार घेतल्याने तिला जागा मिळाली. त्या संधीचे सोने करत तिने जगातल्या पहिल्या दहांतील डोमिनिका सिबुल्कोव्हाला हरवले आणि तिसरी फेरी गाठली. 2018 मध्ये मॉस्कोच्या स्पर्धेत पात्रता फेरीपासून सुरुवात करून ती अंतिम सामन्यात पोहोचली, पहिला सेटही जिंकला, आणि मग दारिया कासात्किनाकडून हरली.

नजाकतीचा खेळ

आजचे महिला टेनिस ताकदीचे आहे. जोरदार सर्व्हिस आणि मागच्या रेषेवरून तुफानी फटके. ओन्सचा खेळ वेगळा. प्रतिस्पर्धी मागे उभी असताना चेंडू अलगद जाळीपलीकडे टाकायचा, हा तिचा ड्रॉप शॉट जगभर प्रसिद्ध आहे. कधी चेंडूला खालून काप देऊन तो जमिनीलगत ठेवायचा, कधी उंच टोलवायचा. समोरच्या खेळाडूला पुढचा फटका कोणता येणार हेच कळू द्यायचे नाही. अशा खेळात चुकाही फार होतात, आणि हरल्यावर 'उगाच करामती करते' अशी टीकाही होते. ओन्सने खेळ बदलला नाही, मेहनत वाढवली. 2020 मध्ये तिच्यासोबत आलेले प्रशिक्षक इसाम जेलाली हेही ट्युनिशियाचेच. जेलाली आणि करीम यांच्यामुळे तिचे पथक म्हणजे मायदेशच झाला.

पहिली, पहिली, पहिली

यानंतरची तीन वर्षे तिच्या नावापुढे 'पहिली' हा शब्द सारखा येत राहिला. 2020 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला ती क्रमवारीत 78 वी होती. माजी अव्वल खेळाडू कॅरोलिन वोझ्नियाकीला निवृत्तीच्या सामन्यात हरवून तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली. ग्रँड स्लॅममध्ये इतकी मजल मारणारी ती पहिली अरब महिला. जून 2021 मध्ये बर्मिंगहॅमला तिने डब्ल्यूटीए मालिकेतील पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात समोर होती तीच कासात्किना. लगेच विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्स, गार्बिन्ये मुगुरुझा आणि इगा स्वियातेक या तीन ग्रँड स्लॅम विजेत्यांना हरवून ती उपांत्यपूर्व फेरीत गेली. ऑक्टोबर 2021 मध्ये ती पहिल्या दहांत आली. अरब जगतातून तिथवर स्त्री काय, पुरुषही कोणी पोहोचला नव्हता.

मे 2022 मध्ये माद्रिदची मोठी स्पर्धा तिने जेसिका पेगुलाला हरवून जिंकली, मग बर्लिनची. जूनमध्ये ईस्टबर्नला सेरेना विल्यम्सने वर्षभरानंतर मैदानावर परतताना दुहेरीसाठी जोडीदार निवडली ती ओन्सला. त्याच महिन्यात ती जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली.

ईदच्या दिवशीचा अंतिम सामना

2022 च्या विम्बल्डनचा महिलांचा अंतिम सामना 9 जुलै रोजी होता. त्या दिवशी ट्युनिशियात ईद-उल-अजहा होती. व्यावसायिक टेनिसच्या युगात ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम सामन्यात खेळणारी ओन्स ही पहिली अरब आणि पहिली आफ्रिकी महिला. विम्बल्डनच्या चषकाचे चित्र तिने आपल्या मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवले होते. उपांत्य सामन्यात तिने दोन मुलींची आई असलेल्या आपल्या मैत्रिणीला, जर्मनीच्या तात्याना मारियाला हरवले. विजयानंतर एकटीने टाळ्या न घेता तिने मारियाचा हात धरून तिला मैदानाच्या मध्यभागी आणले. हे दृश्य अनेकांना सामन्यापेक्षा जास्त लक्षात राहिले.

अंतिम सामन्यात पहिला सेट ओन्सने जिंकला. पण कझाकस्तानच्या एलेना रिबाकिनाने पुढचे दोन सेट 6-2, 6-2 असे घेतले. त्यातच, त्या वर्षी विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातल्याने स्पर्धेचे गुण धरले गेले नाहीत. एरवी उपविजेतीला 1300 गुण मिळतात. ओन्सला एकही मिळाला नाही. आदल्या वर्षीचे गुण मात्र गेले, आणि अंतिम फेरी गाठूनही ती क्रमवारीत खाली घसरली. दोन महिन्यांनी अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यातही ती पोहोचली आणि स्वियातेककडून हरली.

2023 ची सुरुवात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने झाली. तरीही जुलैमध्ये ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात होती. वाटेत तिने बियांका आंद्रेस्कू, पेत्रा क्वितोव्हा, रिबाकिना आणि आरिना साबालेंका या चार ग्रँड स्लॅम विजेत्यांना हरवले होते. समोर मानांकनही नसलेली मार्केटा वोंद्रुशोव्हा. अवघ्या जगाने चषक ओन्सच्या हाती दिलाच होता. दोन्ही सेटमध्ये ती सुरुवातीला पुढेही होती. पण अपेक्षांचे ओझे जिंकले आणि ती 4-6, 4-6 अशी हरली. ही कारकिर्दीतली सर्वांत वेदनादायी हार आहे, असे ती रडत रडत म्हणाली. विजेत्या खेळाडूचे अभिनंदन मात्र तिने मनापासून केले.

खेळापलीकडे

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतील कान्कून येथे वर्षअखेरच्या स्पर्धेत तिने त्याच वोंद्रुशोव्हाला हरवले. मैदानावरच्या मुलाखतीत तिला आनंद व्यक्त करायचा होता, पण गाझातील मुलांच्या बातम्यांनी ती इतकी व्याकूळ होती की शब्द फुटेनात. बक्षिसाच्या रकमेतील काही भाग पॅलेस्टिनी लोकांच्या मदतीसाठी देत असल्याचे तिने जाहीर केले. हे राजकारण नाही, माणुसकी आहे, असेही ती म्हणाली. 2025 च्या फ्रेंच ओपनमध्ये रात्रीच्या मुख्य सत्रात महिलांचे सामने ठेवतच नाहीत, यावरही तिने उघडपणे बोट ठेवले.

ऑक्टोबर 2022 मध्ये मोनास्तिरला, म्हणजे तिच्या जन्मगावच्या प्रांतात, डब्ल्यूटीए मालिकेची स्पर्धा भरली. ट्युनिशियात अशी स्पर्धा प्रथमच होत होती. ज्या भागात तिच्या क्लबला कोर्ट नव्हते, त्या भागातल्या मुलींनी आता जागतिक खेळाडू समोर खेळताना पाहिल्या. पाच विजेतेपदांच्या यादीत हे येत नाही, पण तिची मोठी कमाई कोणती असे विचारले, तर आम्ही हीच सांगू.

2024 चा मोसम खांद्याच्या दुखापतीने अर्ध्यावर संपला. जुलै 2025 मध्ये तिने काही काळ टेनिसपासून दूर राहायचे ठरवले. आपण बराच काळ मैदानावर आनंदी नव्हतो, आता जगण्याचा साधा आनंद पुन्हा शोधायचा आहे, असे तिने लिहिले. लोकांची 'आनंदमंत्री' असलेल्या मुलीने स्वतःच्या आनंदाबद्दल इतके खरे बोलायला हिंमत लागते. त्याच वर्षाच्या अखेरीस आपण आई होणार असल्याची गोड बातमी तिने दिली.

आपल्या घरांसाठी

मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचा प्रवास आपण जवळून पाहिला आहे. 2005 मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून ती डब्ल्यूटीए एकेरी विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. एकेरीत 27 वा क्रमांक आणि दुहेरी-मिश्र दुहेरीत मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिने मिळवली. तिच्या खेळापेक्षा तिच्या पोशाखाचीच चर्चा जास्त झाली, हेही आपण पाहिले. सानिया काय किंवा ओन्स काय, दोघींच्या मागे घर उभे होते म्हणून त्या बाहेरचे बोलणे पेलू शकल्या.

आपल्या मोहल्ल्यांत, शाळांत धावणाऱ्या, पोहणाऱ्या, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुली कमी नाहीत. आठवी-नववीत आल्यावर त्यांचे मैदान हळूच सुटते. कधी अभ्यासाचे कारण असते, कधी येण्याजाण्याचे, कधी 'लोक काय म्हणतील' याचे. प्रत्येक मुलगी ओन्स होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण मैदान मुलीला हरायला शिकवते. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायला शिकवते. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. समीरा जाबेर यांनी तीन वर्षांच्या लेकीच्या हातात रॅकेट दिली, तेव्हा त्यांना विम्बल्डन दिसत नव्हते. त्यांना खेळायचे होते आणि लेक सोबत होती. आपल्या घरातली एखादी मुलगी संध्याकाळी खेळायला जाऊ का विचारते, तेव्हा तिला 'जा' म्हणायला आपल्यालाही त्याहून जास्त काही दिसायला नको.