८४७ दोष

ऐन दिवाळी अंकाच्या धामधुमीत आमच्या डीटीपीवाल्या काकांचं मशीन मंदावलं. चालू व्हायला दहा-दहा मिनिटं, पान लावताना मध्येच हँग. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एक मोफत रेजिस्ट्री क्लीनर उतरवून घेतला. त्याने लाल ठळक अक्षरांत निकाल दिला: ८४७ दोष सापडले. खाली भलंमोठं बटण, ‘सर्व दुरुस्त करा’, आणि त्यासाठी पैसे भरण्याची सूचना. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रक्ताचा रिपोर्ट हातात पडलेल्या माणसासारखा होता. तीस वर्षं अक्षरजुळणी केलेल्या माणसाला एका आकड्याने इतकं हादरवावं, याचंच मला वाईट वाटलं. नारायण पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात ते मशीन घेऊन निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो.

दुकान सांभाळणारी मुलगी तिशीच्या आतली. केबल जोडता जोडता तिने पहिला प्रश्न विचारला, “काका, ते बटण दाबलं नाहीत ना?”

“नाही गं. पैसे मागत होता, म्हणून थांबलो.”

“बरं केलंत.”

तिने स्कॅन पुन्हा चालवला, सापडलेली यादी फाइलमध्ये साठवली, नोटपॅडमध्ये उघडली आणि एकेक ओळ वाचायला घेतली. ८४७ ओळी. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना हे वाचन करणारी माणसं फार नसतात.

रेजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली माहिती वेगवेगळ्या आयएनआय फायलींत ठेवायचा. विंडोज ९५ पासून हा सगळा कारभार प्रामुख्याने रेजिस्ट्रीत आला. कुठली फाइल कशात उघडायची, कुठला फॉन्ट कुठे आहे, सुरू होताना काय काय चालवायचं, सगळं तिथे. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. क्लीनर नोंदीतला पत्ता बघतो, त्या पत्त्यावर फाइल मिळाली नाही की ‘दोष’ म्हणून मोजतो. आकडा असा फुगतो.

बहुतेक ओळी खरोखरच मेलेल्या होत्या: कधीच्या काढलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, रिकामी एक्स्टेन्शनं, हरवलेल्या डीएलएलचे पत्ते. त्या ती भराभर मागे टाकत गेली. मग एका जागी माउसचं चाक थांबलं. ओळींमागून ओळी फॉन्टच्या होत्या आणि प्रत्येकीचा पत्ता ई ड्राइव्हपासून सुरू होत होता.

“काका, ई ड्राइव्ह कुठंय?”

काका क्षणभर गोंधळले. “ती बाहेरची हार्ड डिस्क. घरी आहे.”

कुणीतरी त्यांचे मराठी फॉन्ट बाहेरच्या डिस्कवरच ठेवून शॉर्टकटने बसवून दिले होते. डिस्क जोडलेली नाही म्हणून फाइल सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून क्लीनरच्या लेखी ती नोंद कचरा. ते बटण दाबलं असतं तर दिवाळी अंकाची निम्मी पानं भलत्याच अक्षरांत उघडली असती आणि कारण कुणाला कळलं नसतं. डिस्क घरी आहे हे काकांना माहीत होतं. क्लीनरला ते कळायला मार्ग नव्हता, तरीही त्याने ठाम निकाल दिला होता. मला सगळ्यात जास्त चीड याची आली.

बरं, उरलेल्या मेलेल्या नोंदी काढून वेग वाढला असता का? तिने सिस्टिम३२ मधलं कॉन्फिग फोल्डर उघडलं. तिथली ‘सॉफ्टवेअर’ नावाची एकच फाइल शंभर एमबीच्या आसपास होती. त्या मानाने ८४७ नोंदी म्हणजे काहीशे केबी. शिवाय विंडोज रेजिस्ट्री पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. हवी ती नोंद तिच्या मार्गाने थेट गाठते. शेजारी चार मेलेल्या नोंदी पडल्या आहेत म्हणून तिचा वेळ जात नाही.

मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात स्वतःचं रेजक्लीन दिलं होतं, नंतर ते मागे घेतलं. आज कंपनी अशा क्लीनरांना पाठिंबा देत नाही आणि त्यांनी केलेली मोडतोड दुरुस्त होईलच याची हमीही घेत नाही. घाबरवून पैसे भरायला लावणाऱ्या अशा प्रोग्रॅमांना १ मार्च २०१८ पासून विंडोज डिफेंडरने नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवायला सुरुवात केली. नावाजलेलं असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनांवर पोहोचली होती.

“बिघडलंच तर विंडोजकडे जुनी प्रत असते ना?” मी विचारलं. तिने कॉन्फिगमधलंच रेजबॅक फोल्डर उघडून दाखवलं. फायलींची नावं होती, आकार शून्य केबी. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ही प्रत आपोआप घेणं बंद झालं आहे. काकांच्या मशीनवर सिस्टिम रिस्टोरही बंदच होतं.

रेजिस्ट्रीला ती हात लावतच नाही असं नाही. अर्धवट निघालेला प्रोग्रॅम पुन्हा बसू देत नसेल किंवा व्हायरसने स्वतःला सुरुवातीच्या यादीत घातलं असेल, तर ती रिस्टोर पॉइंट बनवते, नेमकी ती की एक्सपोर्ट करून ठेवते आणि मगच तेवढी काढते. एका वेळी एक, आणि का काढतोय हे माहीत असताना.

मंदपणाचं कारण पुढच्या काही मिनिटांत हाती आलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा ‘कॉशन’: जुन्या हार्ड डिस्कचे सेक्टर खराब होत चालले होते. काकांचं वर्षानुवर्षांचं काम त्या डिस्कवर होतं, आणि क्लीनरच्या ८४७ दोषांत हा एक दोष नव्हता.

तिने आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला, मग एसएसडी बसवली आणि क्लीनर काढून टाकला.

तुमच्याही स्क्रीनवर असा लाल आकडा उमटला तर कृपा करून पैसे भरू नका, बटण दाबू नका. आधी कामाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्या, आणि मग डिस्क तपासून घ्या.