किआंतीचें तांबडें द्राक्षमद्य व त्याजबरोबरचें अन्न

महसूल खात्यांत आमची सारी नोकरी हद्दी, बांध व सातबारे यांच्या हिशेबांत गेली. त्यामुळें एखाद्या मालाचें नांव कानीं पडलें कीं, तो कोणत्या शिवारांतला, हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम येतो. इटली देशाच्या तस्कनी प्रांतांत फ्लॉरेन्स व सिएना या शहरांच्या दरम्यान किआंती नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील लोकांनीं हा प्रश्न तीनशें वर्षांपूर्वींच हातीं घेतला होता. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. द्राक्षें पिकविणाऱ्याच्या नांवाची ही हकीकत आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १७१६ मध्यें तस्कनीचा अधिपति तिसरा कोसिमो यानें जाहीरनामा काढून किआंतीची चतुःसीमा ठरविली. राद्दा, गायोले, कास्तेल्लीना व ग्रेव्हे या गांवांचा परिसर तींत होता. बाहेरचा माल त्या नांवानें खपूं नये, म्हणून देखरेखीस मंडळही नेमिलें.

तेथील मुख्य द्राक्ष सांजोव्हेजे. सन १८७२ मध्यें ब्रोलिओचे जमीनदार व इटलीचे माजी मुख्य प्रधान बेत्तीनो रिकासोली यांनीं मिश्रणाची रीत लिहून ठेविली: सुवासास व जोमास सांजोव्हेजे, मऊपणास कानायोलो, आणि लवकर प्यावयाच्या मद्यांत माल्व्हाझिया हें पांढरें द्राक्ष. आज 'किआंती क्लासिको' मध्यें सांजोव्हेजे शेंकडा ८० तरी असावें लागतें, आणि सन २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांस बंदी आहे.

हें मद्य आंबट व तुरट. तुरटपणा सालीबियांतून उतरतो. मांसाच्या किंवा पनीराच्या घांसाबरोबर तो सौम्य लागतो. आंबटपणामुळें टोमॅटोच्या रश्श्याशीं त्याचें जमतें व तेलकट तोंड स्वच्छ होतें. झणझणीत तिखट मात्र त्यास मानवत नाहीं; जळजळ अधिकच वाढते. म्हणून तेथें त्याजबरोबर मेंढीच्या दुधाचें पनीर, रानडुकराचें मांस, ऑलिव्हच्या तेलांतील पांढरा घेवडा व बिनमिठाचा पाव खातात. किआनीना जातीच्या उंच पांढऱ्या गुरांचें मांस निखाऱ्यावर भाजतात. हे बैल पूर्वीं तेथें औतास जुंपीत. 'रिबोल्लीता' म्हणजे घेवडा, काळसर कोबी व शिळा पाव यांची पुनः उकळलेली आमटी. आपल्याकडे शिळ्या भाकरीचे कुटके करितात, त्याच काटकसरीचा हा प्रकार.

हें अन्न बहुतांशीं कुळांच्या चुलीवरचें. जमीन मालकाची, श्रम कुळाचे व उत्पन्न निम्में निम्में, अशी अर्धेली तेथें शतकानुशतकें चालली. सन १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार बंद झाले.

नांवाचें रक्षण मात्र एका जाहीरनाम्यानें झालें नाहीं. मागणी वाढली तसे शेजारचेही तेंच नांव लावूं लागले. सन १९२४ मध्यें ३३ उत्पादकांनीं राद्दा येथें संघ स्थापून काळा कोंबडा ही निशाणी घेतली. तरी सन १९३२ मध्यें सरकारनें सभोंवतालच्या बऱ्याच मुलखास किआंती हें नांव दिलें, आणि मूळच्या भागास 'क्लासिको' हें वेगळें विशेषण लावून घ्यावें लागलें. पुढें गवतानें मढविलेल्या बाटल्यांतून हलका माल जगभर गेला व नांवाची किंमत उतरली. सन १९९६ मध्यें क्लासिकोस स्वतंत्र नियम मिळाले, तेव्हां कोठें मूळ शिवार वेगळें उभें राहिलें.

आम्हीं एकदां पेटीवरील रत्नागिरीचें नांव पाहून आंबे घेतले. घरीं पेटी उघडतां तळाशीं परमुलखांतील वर्तमानपत्र निघालें. कोंकणच्या हापुसास सन २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु मुलखाची नोंद झाली म्हणजे आपली झाली, असें नव्हे. प्रत्येक बागाइतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंद करून घ्यावी लागते. गांवच्या नकाशांत हद्द असून सातबाऱ्यावर आपलें नांव नसलें, तर तंट्याचे वेळीं काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.