एकधर्मी राज्यांचें सहकार्य : खानदेशचा दोनशें वर्षांचा अनुभव

ज्यांचा धर्म एक, तीं राज्यें एकमेकांचीं स्वाभाविक मित्र असतात, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. १९६९ च्या ऑगस्टमध्यें जेरुसलेम येथील अल्‌अक्सा मशिदीस आग लावण्यांत आली, तेव्हां या समजुतीस संस्थेचें रूप आलें. त्याच वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं मोरोक्कोच्या राजधानींत, रबात येथें, मुस्लिम राष्ट्रांचे प्रमुख व प्रतिनिधि एकत्र जमले, आणि आज जिला इस्लामी सहकार्य संघटना म्हणतात तिचा पाया घातला गेला. तिची कचेरी सौदी अरबस्तानांत जेद्दा येथें असून तिचे सभासद ५७ आहेत. परंतु याच सभासदांपैकीं इराण व इराक हे १९८० पासून १९८८ पर्यंत एकमेकांशीं लढले, आणि १९९० मध्यें इराकनें आपला शेजारी कुवेत गिळंकृत केला. धर्म एक असतांना असें कां घडावें, आणि सहकार्य टिकावयाचें तर तें कोणत्या पायावर, हा प्रश्न त्यामुळें सहजच उभा राहतो.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. धुळें जिल्ह्यांत शिरपूर तालुक्यामध्यें तापीच्या कांठीं थाळनेर म्हणून गांव आहे. तेथें फारुकी घराण्यांतील राजांच्या कबरी आहेत. या घराण्यानें १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें, खानदेशावर राज्य केलें. आणि या सर्व काळांत त्याला ज्यांच्याशीं वागावें लागलें, ते शेजारी बहुतेक मुसलमान सुलतानच होते. येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेविला पाहिजे. आजचे देश मुस्लिम बहुसंख्येचे आहेत. त्या काळच्या दख्खनी राज्यांत राजा मुसलमान व प्रजा बहुतांशीं हिंदु असे. तरीही एकधर्मी सत्तांनीं परस्परांशीं कसें वागावें, याचा जेवढा अनुभव या लहानशा राज्यास आला तेवढा थोड्यांस आला असेल.

प्रथम भूगोल पाहूं. खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा व सातमाळा यांचे डोंगर, आणि पूर्वेस रावेरच्या पुढें बऱ्हाणपूर व अशीरगड यांच्यामधून नर्मदेकडे जाणारी खिंडीची वाट. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेंत किंवा सुरतेच्या बंदराकडे जावयाचें तर हाच रस्ता. जमीन काळी व कसदार, मार्ग वाहता, राज्य मात्र लहान. पश्चिमेस गुजराथ, उत्तरेस माळवा, दक्षिणेस व पूर्वेस बहामनी राज्य. असे तीन बलाढ्य शेजारी सभोंवती असतां खानदेशास केवळ तलवारीच्या जोरावर जगणें शक्य नव्हतें. त्यास मैत्रीवरच जगावें लागलें.

मैत्रीचा पहिला मार्ग सोयरिकीचा. घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा यास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला होता. दिल्लीची सत्ता ढिली होतांच तो स्वतंत्र झाला, आणि त्यानें माळव्याच्या दिलावरखानाशीं मुलांमुलींचे विवाह जुळवून नातें जोडलें. १३९९ मध्यें तो वारल्यावर त्याचा मुलगा नसीरखान गादीवर आला. अशीरगड त्यानेंच घेतला; तापीकांठीं बऱ्हाणपूर त्यानेंच वसविलें व त्यास सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांचें नांव दिलें. त्यानें आपली मुलगी बहामनी राजपुत्र अल्लाउद्दीन यास दिली. एका बाजूस माळवा, दुसऱ्या बाजूस बहामनी. दोन्हीकडे सोयरे, मग भय कशाचें, असा त्याचा हिशेब असावा.

परंतु घरचें नातें हें राज्यांच्या मैत्रीचें साधन होतें तसेंच तें तिचें मर्मस्थानही होतें. अल्लाउद्दीन सुलतान झाल्यावर संगमेश्वरच्या राजाच्या कन्येवर त्याचें मन बसलें व खानदेशच्या मुलीची उपेक्षा होऊं लागली. तिनें बापाकडे गाऱ्हाणें नेलें. नसीरखान वऱ्हाडांत शिरला. पण बहामनी सेनापति मलिक‌उत्तुज्जार यानें त्याचा रोहिणखेड येथें पराभव केला, बऱ्हाणपूर लुटलें, आणि पाठलाग करीत धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यापर्यंत येऊन तेथेंही त्याला हरविलें. १४३७ मध्यें नसीरखान मरण पावला. आग्रा रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास लळिंगचा डोंगर आजही दिसतो. सासरा आणि जांवई दोघेही एकाच धर्माचे होते. पण भांडण मिटविणारें तिसरें कोणी नव्हतें, आणि तक्रार ऐकण्याची ठरलेली जागाही नव्हती. नातें तुटतांच त्याबरोबर राज्यांची मैत्रीही तुटली.

दुसरा मार्ग वडीलकीचा. एका मोठ्या शेजाऱ्यास वडील मानावयाचें, त्याला खंडणी द्यावयाची, आणि त्याच्या छायेखालीं इतरांपासून बचाव करून घ्यावयाचा. खानदेशानें हें वडीलपण गुजराथेस दिलें. नसीरखानास ‘खान’ हा किताब गुजराथच्या अहमदशहानें दिला, आणि त्यावरून मुलखास खानदेश हें नांव पडलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. कोणी तें कान्हदेश या शब्दापासूनही काढतात. या व्यवस्थेचा लाभ खरा होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आदिलखान दुसरा याच्या दीर्घ कारकीर्दींत राज्यास स्वास्थ्य लाभलें, वाटा निर्वेध झाल्या आणि व्यापार वाढला. बऱ्हाणपूरचें तलम व जरीचें कापड पुढें ज्या कीर्तीस चढलें तिचा पाया याच काळांत घातला गेला. पण वडीलकीची किंमतही पडे. आदिलखानानें खंडणी थकविली तेव्हां महमूद बेगडा सैन्य घेऊन आला. आणि पुढें वारसाचा तंटा निघाला तेव्हां १५०९ मध्यें थाळनेर येथें त्यानें आपल्या पसंतीच्या पुरुषास खानदेशच्या गादीवर बसविलें. जो रक्षण करतो तो राजाही निवडतो. ज्या सहकार्यांत एका पक्षाची मर्जी हाच कायदा असतो, तें लहान पक्षास आश्रय देतें, पण त्याचें स्वत्व हिरावून घेतें.

तिसरा मार्ग समान भयाचा. अकबरानें माळवा जिंकल्यावर तेथील बाजबहादुर खानदेशांत आश्रयास आला. त्याच्या पाठोपाठ मोगल सरदार पीर महंमदखान नर्मदा उतरून आला व त्यानें बऱ्हाणपूरपर्यंत कत्तल व लूट केली. तेव्हां खानदेशचा मुबारकशहा, वऱ्हाडचा तुफालखान आणि बाजबहादुर हे तिघे एकत्र झाले. १५६२ मध्यें त्यांनीं परतणाऱ्या मोगल सैन्याची दाणादाण उडविली आणि पीर महंमदखान नर्मदेंत बुडून मेला. तिघांच्या एकीचा हा विजय लहान नव्हता. परंतु तो हातीं येतांच जो तो आपापल्या घरीं गेला. त्याच वर्षीं मोगलांनीं माळवा पुन्हां घेतला, आणि १५६४ मध्यें अकबर मांडवगडास आला तेव्हां मुबारकशहानें आपली मुलगी त्यास देऊन तह केला.

दक्षिणेंतही हाच प्रकार झाला. १५६५ मध्यें अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा व बेदर यांनीं एकत्र येऊन विजयनगरचा मोड केला. त्यासाठीं अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास देण्यांत आली व सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. पण शत्रु नाहींसा होतांच दोस्तीचें प्रयोजनही सरलें. १५७४ मध्यें अहमदनगरनें एकधर्मी वऱ्हाडचें राज्य गिळलें, आणि मोगल दारांत आले तेव्हां दक्षिणेच्या राज्यांतील परस्पर विश्वास उरला नव्हता.

या सर्वांचा शेवट राजा अलीखान याच्या चरित्रांत दिसतो. १५७६ मध्यें गादीवर आलेला हा राजा मोठा विचारी होता. त्यानें बांधलेल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदींत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे व त्यांत फारुकी घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. आपलें राज्य कोणाच्या श्रमावर उभें आहे हें त्यास उमगलें होतें, असें तो लेख पाहून वाटतें. उत्तरेस अकबर, दक्षिणेस सुलतान. दोघांमधून वाट काढतां काढतां अखेर त्यास मोगलांचा पक्ष घ्यावा लागला. १५९७ मध्यें गोदावरीकांठीं सोनपेठजवळ विजापूर, अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या फौजांशीं मोगलांची लढाई झाली. तींत राजा अलीखान मोगलांच्या बाजूनें लढतां लढतां पडला. तो दिसेनासा झाला तेव्हां तो शत्रूस मिळाला असें समजून मोगलांनीं त्याचीच छावणी लुटली. प्रेत हातीं आलें तेव्हां खरें काय तें कळलें. चार वर्षांनीं, १६०१ च्या जानेवारींत, अशीरगड अकबराच्या स्वाधीन झाला आणि खानदेशचें राज्य संपलें. त्याआधीं १६०० मध्यें अहमदनगरचा किल्लाही पडला होता. एकेक वेगळा राहिला, म्हणून एकेक गेला.

आतां पुन्हां आजच्या जगाकडे वळूं. मुस्लिम राष्ट्रांच्या सहकार्यांत हे तिन्ही मार्ग आजही दिसतात. कोठें राजघराण्यांचा स्नेह आहे, कोठें एखाद्या धनाढ्य राष्ट्राची वडीलकी आहे, कोठें समान शत्रूचें भय आहे. आखातांतील सहा राष्ट्रांनीं १९८१ मध्यें एक परिषद स्थापिली, तिच्यामागें इराण-इराक युद्धाची छाया होती. पण तीं तेथेंच थांबलीं नाहींत. २००३ पासून त्यांनीं बाहेरच्या मालावर एकच जकात बसविली. असें असूनही २०१७ च्या जूनमध्यें सौदी अरबस्तान, संयुक्त अमिराती, बहारीन व इजिप्त यांनीं कतारची जमिनीची, समुद्राची व आकाशाची वाट बंद केली. कतारनें ओमानच्या बंदरांतून आणि तुर्कस्तान व इराण यांच्याकडून माल आणून निभाव केला. २०२१ च्या जानेवारींत अल्‌उला येथें समेट झाला, त्यांत कुवेतची मध्यस्थी उपयोगी पडली. नसीरखानास असा मध्यस्थ लाभता, तर लळिंगची लढाई कदाचित् टळली असती. पुढें १० मार्च १९२३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०२३ मधील त्याच तारखेस सौदी अरबस्तान व इराण यांनीं तुटलेले संबंध पुन्हां जोडण्याचें मान्य केलें. पण तो करार चीनच्या राजधानींत झाला. दोन एकधर्मी शेजाऱ्यांस बोलावयास परक्याच्या ओसरीवर जावें लागलें, यावरून घरची संस्था अजून किती दुबळी आहे हें समजतें.

याउलट जें काम गाजावाजा न होतां चालतें, तें अधिक टिकलेलें दिसतें. १९७५ मध्यें जेद्दा येथें सुरू झालेली इस्लामी विकास बँक रस्ते, पाणी, शाळा व दवाखाने यांसाठीं सभासद देशांस भांडवल पुरविते. राजे व मंत्री बदलले तरी तिचे हिशेब चालू राहतात. सहकार्य बळकट करावयाचें तर तें अशा नित्याच्या कामांत गुंतविलें पाहिजे. तंटा नेण्यासाठीं ठरलेली जागा हवी, लहान राष्ट्राच्या मतास मोठ्याइतकेंच वजन हवें, आणि शत्रु नसतांनाही एकत्र बसण्याचें कांहीं कारण हवें.

खानदेशच्या शेतकऱ्यास या गोष्टी परक्या वाटण्याचें कारण नाहीं. जळगांवच्या केळ्यास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२१ मध्यें रावेर तालुक्यांतील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचीं २२ टन केळीं दुबईस गेलीं. केळें हें नाशिवंत फळ. समुद्राची वाट आठ दिवस अडली तरी त्याची माती होते. आखातांतील राष्ट्रें एकमेकांशीं सलोख्यानें वागलीं तर रावेर-यावलच्या बागाइतदारास चार पैसे अधिक मिळतील, आणि तीं भांडलीं तर त्याची झळ तापीच्या कांठापर्यंत पोंचेल. ज्या मुलखानें शेजाऱ्यांच्या भांडणांपायीं आपलें राज्य गमावलें, त्यास दूरच्या देशांतील सलोख्याची किंमत निराळी सांगावयास नको.