राक्षसाला वाट दाखवणारी मुलगी

दोस्तांनो, भेंडीचे ठसे तुम्ही नक्कीच काढले असतील. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर दाबायची, की झालं फूल! आमच्या चौथीच्या वर्गात एकदा बटाट्यावर नाव कोरायची टूम निघाली. एकाने मन लावून नाव कोरलं, ठसा उमटवला आणि ओरडलाच, "बाई, माझं नाव आरशात गेलं!"

ठसा उलटा उमटतो! छापचित्रं करणाऱ्या चित्रकाराला हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. पाब्लो पिकासो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो रंगचित्रांसाठी प्रसिद्ध आहेच, पण त्याने छापचित्रंही ढिगाने केली. त्यांतल्या एकाची ही हकिगत.

पिकासोचा जन्म १८८१ सालचा, स्पेनमधल्या मालागा गावचा. वडील चित्रकलेचे शिक्षक. स्पेनमध्ये माणूस आणि बैल यांच्या झुंजी होत. वडील लहानग्या पाब्लोला त्या पाहायला नेत. तो बैल त्याच्या मनातून कधी गेलाच नाही. पुढे तो फ्रान्समध्ये राहू लागला, तिथे त्याला ग्रीक पुराणातला बैल भेटला.

ती गोष्ट अशी. क्रीट बेटावर मायनॉस राजा होता. त्याने समुद्रदेवाला दिलेला शब्द मोडला. देव कोपला आणि राणीच्या पोटी मिनोटॉर जन्मला. धड माणसाचं, डोकं बैलाचं! राजाने त्याला भूलभुलैयात कोंडलं. अथेन्स शहराहून सात मुलगे आणि सात मुली त्याचं भक्ष्य म्हणून धाडल्या जात. शेवटी थीसियस नावाचा वीर आत शिरला. राजकन्या अरिआड्नीने दिलेला दोरा उलगडत गेला, मिनोटॉरला मारलं आणि दोऱ्याच्या मागोमाग बाहेर आला.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, शब्द राजाने मोडला, मग कोंडलं त्यालाच का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, अजूनही सुचलेलं नाही.

पिकासोलाही असंच काही वाटलं असावं, असं त्याची चित्रं पाहून मला वाटतं. व्होलार या चित्रविक्रेत्यासाठी त्याने १९३० ते १९३७ या काळात १०० छापचित्रं केली. त्यांतल्या काहींत मिनोटॉर आहे. कुठे तो मेजवानीत हसतोय. १९३३ सालच्या एका चित्रात तो झुंजीच्या मैदानात जखमी होऊन पडलाय, आणि प्रेक्षकांतली एक बाई हात लांब करून त्याला स्पर्श करू पाहतेय.

पण माझं आवडतं चित्र त्यानंतरचं. रात्र आहे, आभाळात चांदण्या आहेत. मिनोटॉर आंधळा झालाय. हातात काठी, तोंड वर केलेलं. पुढे एक चिमुरडी कबूतर कवटाळून त्याला वाट दाखवत चालली आहे. जवळच्या होडीतले खलाशी नुसते बघताहेत. गंमत म्हणजे मूळ गोष्टीत मिनोटॉर आंधळा होतच नाही! आंधळा होतो तो ईडिपस, दुसऱ्याच ग्रीक कथेतला राजा. त्याला त्याची मुलगी अँटिगनी हात धरून नेते. पिकासोने दोन गोष्टींची गाठ मारून दिली, असं दिसतं.

आता ही काळीकुट्ट रात्र उमटवायची कशी? ॲक्वाटिंट नावाची रीत आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरवून पत्रा तापवतात. पूड चिकटते. मग पत्रा आम्लात ठेवायचा. कणाकणांमधलं तांबं आम्ल खातं आणि पत्रा खरखरीत होतो. त्यात शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा जड रुळांखालून काढायचा. खरखरीत जागी शाई धरते, म्हणून कागदावर मखमलीसारखा काळा रंग येतो. जिथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत कराल तिथे शाई टिकत नाही, उजेड दिसतो. पिकासोने हेच केलं. आधी काळोख, मग त्यातून मिनोटॉर, मुलगी, चांदण्या खरवडून बाहेर काढल्या! आणि हे सगळं उलटं, बरं का. कागदावर जे उजवीकडे जाताना दिसतं, ते पत्र्यावर डावीकडे चाललेलं असतं.

तुम्ही आम्लाच्या फंदात मुळीच पडू नका. जाड कागदावर रंगीत मेणखडू चोळा. त्यावर काळा मेणखडू दाबून फिरवा, पांढरं कुठे दिसता कामा नये. मग संपलेल्या रिफीलने खरवडा. आमच्या वर्गाने हे केलं तेव्हा हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि शिपाईमामा माझ्यावर रागावले होते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीनेही मिनोटॉरच काढला. तिच्या चित्रात थीसियस नव्हता. दोऱ्याचं रीळ मिनोटॉरच्याच हातात होतं.