खाजणाकाठी सायकलवर

वसई किल्ल्यापासून भुईगाव, निर्मळ करीत नालासोपाऱ्याच्या स्तूपापर्यंतचा रस्ता आम्हाला सायकलसाठी फार आवडतो. चढ नाही, वाड्यांची सावली आहे. जाड टायरची सायकल असेल तर भुईगावच्या किनाऱ्यावरही उतरावे. पण ओहोटी पाहूनच, ओल्या घट्ट वाळूवरून. तिवरांच्या चिखलात चाक घालू नये. घरी येताच साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावे.

भुईगावातच अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ साली. साल पाहा! स्तूप मात्र १८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला होता. मुलांना जरूर न्या.

वसईतल्या पाणथळ जागांवर भराव पडतो, मग पावसाच्या पाण्याने जायचे कुठे? जुलै २०१८ च्या पुरात इथल्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली होती.